प्लॅस्टिकचा फेस : निर्मिती, उपयोग आणि खबरदारी

(बालाघाट येथे शिक्षक, ग्रामपंचायतींचे पदाधिकारी, शासकीय कर्मचारी आणि शेतकरी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. धानाच्या मुलखात येऊन प्लॅस्टिकच्या फेसावर कोणी काय बोलावे? परंतु हा विषय मी शोधून काढलेला नाही. तो येथीलच एका तरुणाने माझ्यापुढे आणून ठेवला. वारासिवनीजवळच्या एका खेड्यातील हा पदवीधर मुलगा काही महिन्यांपूर्वी मला भेटावयास आला आणि म्हणाला, "काका, एक जुने यंत्र स्वस्तात मिळत आहे. प्लॅस्टिकच्या दाण्यांपासून लग्नाच्या पंगतीच्या पांढऱ्या पत्रावळी करणारे. दलाल म्हणतो, तीन वर्षांत पैसे वसूल होतील. मी थोडा विसार दिला आहे. बाकीच्या रकमेसाठी बाबा दीड एकर बांधी गहाण ठेवावयास तयार आहेत. घ्यावे का?"

फेसाच्या कारखान्यांत मी आयुष्याची बरीच वर्षे काढली आहेत. त्याला एका शब्दात उत्तर देणे मला अवघड नव्हते. परंतु ज्या उत्तरामागची कारणे समजलेली नसतात ते उत्तर फार दिवस टिकत नाही. आज एका दलालाला नकार दिला, तर उद्या दुसरा येतो. म्हणून ही वस्तू कशी तयार होते, तिचा खरा उपयोग कोणता, तिच्यात धोका कोठे आहे आणि ती शेवटी कोठे जाते, हे मी त्याला क्रमाने सांगितले. तेच आज आपणा सर्वांपुढे मांडत आहे.

मुरमुरा हाही फेसच

भडभुंजाच्या भट्टीपाशी आपण सर्वजण लहानपणी उभे राहिलो आहोत. उकड्या तांदळाला मिठाचे पाणी लावून, तो योग्य तेवढा सुकवून तापलेल्या वाळूत टाकतात आणि पाहता पाहता दाणा फुलून कितीतरी मोठा होतो. येथे घडते काय? दाण्याच्या पोटात थोडा ओलावा राहिलेला असतो. एक ग्रॅम पाणी एक घन सेंटिमीटर जागेत मावते. पण त्याचीच साध्या दाबाखाली वाफ झाली, की ती सुमारे १,७०० घन सेंटिमीटर जागा मागते. एकाएकी तापलेल्या दाण्यातील वाफेला बाहेर पडावयास उसंत मिळत नाही. त्याच वेळी दाण्यातील पिठूळ द्रव्य उष्णतेने मऊ झालेले असते. वाफ त्याला आतून फुगविते, नंतर ती निघून जाते आणि फुगलेल्या भिंती कोरड्या होऊन कडक बनतात.

मुरमुरा हा अशा रीतीने तांदळाचा फेस आहे. तो होण्यासाठी तीन गोष्टी जमून याव्या लागतात : उष्णतेने मऊ होणारा पदार्थ, त्याला आतून फुगविणारा वायू, आणि फुगल्यावर योग्य क्षणी भिंतींचे कडक होणे. प्लॅस्टिकच्या फेसाचे सर्व शास्त्र या तीन गोष्टींतच सामावलेले आहे. तेथे तांदळाऐवजी प्लॅस्टिक असते आणि वाफेऐवजी दुसरा एखादा वायू असतो.

यंत्राच्या पोटात

हा फेस अखंडपणे तयार करण्याच्या पद्धतीला शास्त्रीय परिभाषेत बहिःसारण म्हणतात. शब्द जड असला तरी क्रिया आपल्या घरातली आहे. दिवाळीत सोऱ्यातून चकली पडते, उन्हाळ्यात शेवया आणि कुरडया पडतात, ते बहिःसारणच. मऊ पदार्थ दाबाखाली साच्याच्या भोकातून बाहेर काढला, की त्याला त्या भोकाचा आकार येतो.

कारखान्यातील सोऱ्या म्हणजे एक लांब, जाड पोलादी नळकांडे. त्याच्या आत मळसूत्राचा दांडा फिरत असतो. एका टोकाला नरसाळ्यातून पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे दाणे आत पडतात. मळसूत्र त्यांना पुढे ढकलते. घर्षणाने आणि बाहेरच्या विजेच्या तापकांनी ते सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून काकवीसारखे दाट होतात. दाण्यांबरोबरच थोडी शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असते; तिचे काम पुढे कळेल. नळकांड्याच्या मध्यावर एका पंपाने ब्यूटेनसारखा वायू द्रवरूपात आत दाबतात. तेथे दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभराहून अधिक पट असतो. त्यामुळे वायूला बुडबुडा होऊन वेगळे राहता येत नाही. पाण्यात साखर विरघळावी तसा तो वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये विरघळतो.

यानंतरची पायरी फार नाजूक असते. हे मिश्रण दुसऱ्या, अधिक मोठ्या नळकांड्यात जाते आणि तेथे त्याला हळूहळू थंड करून सुमारे १२० ते १४० अंशांवर आणतात. नवख्या माणसाला प्रश्न पडतो, की इतके तापविले ते पुन्हा थंड का करावयाचे? चकलीचे पीठ सैल झाले तर काटा मोडतो, घट्ट झाले तर सोऱ्या दाबवत नाही, हे गृहिणींना ठाऊक आहे. येथेही तेच आहे. मिश्रण फार तापलेले असेल तर बुडबुड्यांच्या भिंती पातळ होऊन फुटतात आणि फेस बसतो. फार थंड झाले तर ते साच्यातून सरकत नाही, किंवा पुरेसे फुगत नाही. फेसाच्या कारागिराची परीक्षा या चार-पाच अंशांत होते.

मग मिश्रण साच्याच्या फटीतून बाहेर येते. दाब एकदम नाहीसा होतो, विरघळलेला वायू लक्षावधी सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने प्रकट होतो आणि प्लॅस्टिक फुगते. पत्रावळीचा पत्रा करावयाचा असेल तर साचा कंकणाच्या आकाराचा असतो. त्यातून फेसाची नळी निघते. ती थंड पिंपावरून ताणून घेतात, उभी चिरतात आणि सपाट पत्र्याची गुंडाळी करतात. ही गुंडाळी काही दिवस ठेवल्यानंतर पत्रा पुन्हा तापवून साच्यात दाबला, की पत्रावळ, द्रोण किंवा तबक तयार होते.

शंखजिऱ्याचे काम समजण्यासाठी शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग करावा. सोड्याची बाटली उघडली की फसफसून बुडबुडे येतात. दाबाखाली विरघळलेला कार्बन डायऑक्साइड दाब जाताच बाहेर पडतो, हे झाले फेसयंत्राचे तत्त्व. आता पेल्यातील शांत झालेल्या सोड्यात चिमूटभर मीठ टाका. तो पुन्हा उसळेल. मिठाच्या प्रत्येक कणावर बुडबुड्याला जन्म घ्यावयास जागा मिळते. शंखजिऱ्याचे कण नेमके हेच काम करतात. ते नसतील तर थोडे आणि ओबडधोबड बुडबुडे होतात; ते असले की बारीक, एकसारखे आणि पुष्कळ होतात.

थर्माकोल कोणते आणि हा फेस कोणता

आपण सरसकट सर्व पांढऱ्या फेसाला थर्माकोल म्हणतो. वास्तविक ते एका रासायनिक कंपनीच्या मालाचे व्यापारी नाव. लोकांच्या तोंडी ते त्या वस्तूचेच नाव होऊन बसले. मखराचे किंवा दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यातील थर्माकोल मोडून पाहा. त्यात साबुदाण्यासारखे गोल मणी चिकटलेले दिसतील. हा माल वेगळ्या पद्धतीने होतो. वायू भरलेले मणी वाफेने फुलवून, साच्यात घालून पुन्हा वाफेनेच एकमेकांना चिकटवितात. १९५० च्या सुमारास जर्मनीतील बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ स्टास्टनी यांनी ही पद्धत शोधली. पंगतीतील पांढरी पत्रावळ मोडली तर मात्र मणी दिसत नाहीत; सलग, बारीक छिद्रांचा पत्रा दिसतो. तो बहिःसारणाचा फेस होय.

बहिःसारणाच्या फेसाचा इतिहास याहून थोडा जुना आहे. स्वीडनमधील कार्ल मुंटर्स यांनी १९३० च्या दशकात पॉलिस्टायरीन फुगविण्याचे पेटंट घेतले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील डाऊ कंपनीचे रे मॅकिन्टायर हे वीजरोधनासाठी रबरासारखा लवचीक पदार्थ शोधत होते. त्यांनी पॉलिस्टायरीनच्या द्रव्यात आयसोब्यूटिलीन हा वायू दाबाखाली मिसळला. रबर मिळाले नाही. हाती आला तो मूळ प्लॅस्टिकपेक्षा सुमारे तीस पट हलका फेस. पाणी शोषून न घेणारा हा पदार्थ तरंगत्या तराफ्यांसाठी उपयोगी पडला आणि नंतर इमारतींत उष्णतारोधक म्हणून मान्यता पावला.

आपल्या देशात पॉलिस्टायरीनचे उत्पादन १९५० च्या दशकात मुंबईत सुरू झाले. आज रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ आमडोशी येथील सुप्रीम पेट्रोकेमच्या कारखान्यात पॉलिस्टायरीनचे दाणे होतात, तसेच त्यापासून बहिःसारणाने उष्णतारोधक फळ्याही तयार होतात.

हलकेपणाचा खरा उपयोग

एक घन मीटर भरीव पॉलिस्टायरीनचे वजन सुमारे १,०५० किलो भरते. त्याच्याच उष्णतारोधक फळ्यांचे घन मीटरचे वजन तीस ते चाळीस किलो असते. म्हणजे शंभर भागांत प्लॅस्टिकचे तीन-चार भाग. बाकीचा सारा वायू. कोंडून ठेवलेल्या स्थिर वायूतून उष्णता फार सावकाश जाते. त्यामुळे विटेच्या भिंतीच्या तुलनेने या फळीतून उष्णता सुमारे विसाव्या हिश्शानेच वाहते. दोन इंच जाडीची फळी उष्णता अडविण्याच्या बाबतीत तीन फुटांहून जाड विटेच्या भिंतीच्या तोडीची ठरते. शीतगृहाच्या भिंती, मासे व दूध यांची वाहतूक करणारी वाहने, मे महिन्यात तापणारी स्लॅबची छपरे, येथे या फेसामुळे वीज वाचते आणि नाशवंत माल टिकतो.

पॉलिथिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकचाही असाच मऊ फेस होतो. पपई, सफरचंद यांना घातलेली पांढरी जाळी आपण बाजारात पाहतो, ती बहिःसारणानेच निघते. फोटोच्या चौकटीची लाकडासारखी दिसणारी हलकी पट्टीही पुष्कळदा पॉलिस्टायरीनच्या फेसाचीच असते, आणि तिच्यासाठी वापरून टाकलेले थर्माकोल वितळवून पुन्हा कामी आणता येते.

वीस वर्षे छपराखाली राहून उन्हाळ्याचा ताप कमी करणारा फेस आणि वीस मिनिटे पंगतीत राहून उकिरड्यावर जाणारा फेस हे एकाच यंत्राचे दोन अपत्य आहेत. दोष यंत्राचा नाही. त्याच्यापासून कोणती वस्तू काढावयाची, हे माणूस ठरवितो.

वायू कोणता?

आता वायूविषयी. पूर्वी या कामासाठी क्लोरोफ्लुरोकार्बन जातीचे वायू वापरीत. ते पेटत नाहीत, विषारी नाहीत, म्हणून कारखानदारांना फार सोयीचे वाटत. परंतु १९७४ साली मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हे वायू आकाशात उंच जाऊन ओझोनच्या थराचा नाश करतात. हाच थर सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपले रक्षण करतो. १९८७ साली माँट्रियल करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला आणि २००८ साली आपल्या देशात या वायूंचे नेहमीच्या वापरासाठीचे उत्पादन थांबले. मोलिना व रोलंड यांना पॉल क्रुट्झन यांच्यासह १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. केवळ कार्बन डायऑक्साइड वापरून फेसाचा पत्रा काढण्याची पद्धतही १९९० च्या दशकात सिद्ध झाली. परंतु त्यासाठी दाब अधिक लागतो आणि यंत्रे महाग पडतात. म्हणून लहान कारखाने ब्यूटेनकडे वळले.

ब्यूटेन म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच एक घटक. घरच्या सिलिंडरमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम वासाचे द्रव्य मिसळलेले असते. कारखान्यात मालाला वास लागू नये म्हणून बहुधा बिनवासाचा वायू घेतात. तो हवेपेक्षा दुप्पट जड असल्याने जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास पोहोचले, की एक ठिणगी पुरते.

आणि वायू यंत्रापाशीच संपतो असेही नाही. ताज्या फेसाच्या बुडबुड्यांत तोच भरलेला असतो. पुढे कित्येक दिवस तो हळूहळू बाहेर पडत राहतो आणि त्याची जागा हवा घेते. म्हणून ताज्या गुंडाळ्या मोकळ्या, वारा खेळत्या जागेत ठेवावयाच्या असतात.

ही गोष्ट मी पुस्तकातून वाचली होती. तिचा अर्थ मला फार मोठी किंमत देऊन कळला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी पॉलिथिलीनच्या फेसाच्या एका कारखान्यात पाळीप्रमुख होतो. आषाढातील संध्याकाळ होती. गोदामात त्या दिवशीच्या ताज्या गुंडाळ्या रचल्या होत्या. पावसाची झड आत येऊन माल भिजू लागला. "खिडक्या लावून घ्या," असे मी सांगितले. खिडक्या लागल्या. रात्री गोदामाच्या रखवालदाराने दिवा लावण्यासाठी बटण दाबले आणि लख्ख जाळ उठला. तो जगला, परंतु त्याचे दोन्ही हात भाजले आणि पुढे त्याला बोटे नीट मिटता आली नाहीत. चौकशीत विजेच्या जुन्या जोडणीवर ठपका आला. माझे नाव कोठेही आले नाही. पण खिडक्या लावावयास सांगणारा मी होतो, हे मला ठाऊक आहे आणि त्यालाही ठाऊक होते. तो शेवटपर्यंत मला साहेब म्हणत राहिला, याचेच मला अधिक वाईट वाटते.

म्हणून त्या तरुणाला मी विचारले, "यंत्र जेथे बसविणार आहेस, त्या घरात कोण कोण राहते?" तो म्हणाला, "पुढच्या पडवीत यंत्र बसवू. मागे आम्ही राहतो. आजी पडवीतच झोपते." दलालाने वायूचा धोका, मोकळे गोदाम, ठिणगीरोधक विजेची जोडणी, गळतीची सूचना देणारे उपकरण यांपैकी एकही शब्द त्याच्यापाशी उच्चारला नव्हता. स्वस्त यंत्राच्या किमतीत या वस्तू धरलेल्या नसतात.

पत्रावळ कोठे जाते?

लग्नाची पंगत उठते आणि उष्ट्या पत्रावळींचा ढीग गावाबाहेर पडतो. पळसाच्या किंवा माहुलाच्या पानांची पत्रावळ असेल तर ती गाई खातात किंवा पावसाळ्यात तिचे खत होते. फेसाची पत्रावळ कुजत नाही. हलकी असल्याने ती उडून नाल्यात जाते, तिचे तुकडे होतात, पण ते नाहीसे होत नाहीत. अन्नाच्या वासाने जनावरे ती गिळतात. जाळली तर काळा धूर निघतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि स्टायरीनसारखी घातक द्रव्ये असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनचा समावेश माणसात बहुधा कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केला आहे.

आपली वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटला येते आणि पुढे गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे जाते. १९५६ पर्यंत नागपूर ही ज्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यात हे दोन्ही काठ एकाच राज्यात होते. राज्यांची सीमा बदलली. नदीचा प्रवाह बदलला नाही. येथील नाल्यात टाकलेला फेसाचा तुकडा भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत तरंगत जाऊ शकतो. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. परंतु नदीच्या वरच्या अंगाला त्या वापरात राहिल्या तर खालच्या गावांची सुटका कशी व्हावी?

आता तो भेदही उरलेला नाही. केंद्र शासनाने १२ ऑगस्ट २०२१ रोजी प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि सजावटीचे थर्माकोल यांचे उत्पादन, साठा, विक्री व वापर देशभर बंद झाला आहे. पॉलिस्टायरीनचा या बंदीत स्पष्ट उल्लेख आहे. शीतगृहाची फळी किंवा यंत्रसामग्रीच्या खोक्यातील आधार यांना ही बंदी लागू नाही. पंगतीच्या पत्रावळीला आहे. ते यंत्र इतक्या स्वस्तात का मिळत होते, याचा उलगडा येथे होतो.

मग काय करावे?

तरुणाने विचारले, "पत्रावळी नाही तर फळ्या काढाव्यात का?" प्रश्न रास्त होता. पण हिशेब पाहा. फेसाचा माल म्हणजे बहुतांशी हवा. तीस घन मीटर मावेल अशा मालमोटारीत घन मीटरला पंधरा किलो वजनाचे थर्माकोल भरले तर साडेचारशे किलोच मावतात. मोटार भरते, वजनकाटा हलत नाही, भाडे मात्र पूर्ण द्यावे लागते. म्हणून फेसाचा कारखाना गिऱ्हाइकाच्या जवळ असावा लागतो. येथे दाणे दूरच्या कारखान्यांतून आणावयाचे आणि फुगलेला माल पुन्हा दूरच्या शहरांत न्यावयाचा, यात दोन्हीकडून तोटा आहे. टाकाऊ थर्माकोल गोळा करण्याच्या धंद्यातही हीच अडचण असते; ते जागच्या जागी दाबून घट्ट केल्याशिवाय वाहतूक परवडत नाही.

बालाघाटजवळ स्वतःचे काय आहे? धान आहे. गिरण्यांतून निघणारी कणी आहे. रान आहे आणि पानांच्या पत्रावळी करणारे हात आहेत. बाजारात मुले खातात ती कुरकुरीत नळी मका आणि तांदूळ यांच्या पिठापासून बहिःसारणानेच होते. यंत्राच्या आत दाबाखाली पाणी शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. साच्यातून बाहेर पडताच त्याची वाफ होते आणि पीठ फुलते. येथे वायू म्हणजे वाफ. ती पेटत नाही, ओझोनला धक्का लावीत नाही, आणि उरलेला माल कोंबड्यांना घालता येतो. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच रीतीने स्टार्चचा फेस काढून तो खोक्यांतील भरणासाठी वापरण्यास आरंभ झाला. तो पाण्यात विरघळून जातो. अर्थात आपल्याकडील पावसाळ्याच्या ओलीत तो तितकाच सहज मऊही पडेल आणि उंदरांनाही आवडेल, हे ध्यानात ठेवले पाहिजे. प्रत्येक पदार्थाचे गुण आणि त्याचे दोष एकाच मुळातून निघतात.

पानांच्या पत्रावळीच्याही अडचणी आहेत. ती गळते, पावसाळ्यात तिला बुरशी येते, पाने तोडणाऱ्या आणि टाचणाऱ्या बाईच्या हाती फार थोडे पैसे पडतात. पाने नीट वाळविणे, दुहेरी थर लावून यंत्राने दाबणे, कोरड्या जागी साठविणे, एवढे झाले तर यांपैकी पुष्कळ अडचणी दूर होण्यासारख्या आहेत. दाबयंत्राला फेसाच्या यंत्राच्या मानाने फारच थोडे भांडवल लागते. यात नफ्याची हमी मी देणार नाही. ज्या वस्तूवर बंदी नाही, जी घरात आग लावणार नाही आणि जिचा कच्चा माल दारात आहे, तिच्यापासून विचारास आरंभ करावा, इतकेच माझे सांगणे आहे.

शाळा आणि ग्रामपंचायती

शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे, की सोड्याच्या बाटलीचा आणि मुरमुऱ्याचा प्रयोग मुलांकडून करवून घ्यावा. मापभर तांदूळ आणि मापभर मुरमुरे तोलून पाहावेत. फेस म्हणजे काय, ते मूल जन्मभर विसरणार नाही. मात्र थर्माकोल जाळून दाखवू नये, आणि पेट्रोलमध्ये विरघळवून गोंद करण्याचा मुलांचा खेळ दिसला तर तो तत्काळ थांबवावा. पेट्रोलच्या वाफेमुळे ब्यूटेनइतकाच धोका संभवतो.

ग्रामपंचायतींनी दोन गोष्टी कराव्यात. २०१६ च्या नियमांपासून खेड्यांतील प्लॅस्टिकच्या कचऱ्याची जबाबदारीही पंचायतींवर आहे. तेव्हा लग्नसराईपूर्वीच सभामंडपाची परवानगी देताना पत्रावळीची अट घालावी. पंगत उठल्यावर दंड करण्यापेक्षा ते सोपे आणि सर्वांच्या भल्याचे आहे. आणि गावातील सामाईक ताटे, वाट्या, पेले यांचा संच जुना झाला असेल तर तो पुरा करून घ्यावा. आमच्या लहानपणी पंगतीची भांडी गावाची असत. ती घासण्याचे काम तेवढे आपण वाटून घेतले नाही, ते ठराविक बायाबापड्यांवर टाकले, आणि मग पांढरी पत्रावळ सर्वांना सोयीची वाटू लागली. भांडी परत आणावयाची असतील तर ती घासण्याचा मोबदलाही ठरविला पाहिजे.

आणि कोणी तरुण यंत्राचा कागद घेऊन आपल्याकडे आला, तर त्याला उडवून लावू नका. उद्योग करावा असे त्याला वाटते, ही गावाची पुंजी आहे. त्याला तीन प्रश्न विचारा : माल कशाचा, तो फुगविणारा वायू कोणता, आणि वापरून झाल्यावर तो जाणार कोठे? या तिन्हींची उत्तरे जो विक्रेता देऊ शकत नाही, त्याच्यासाठी शेत गहाण ठेवू नये.

ज्याच्यामुळे हा विषय निघाला, तो मुलगा आज या सभेत मागे बसला आहे. त्याने यंत्राचा व्यवहार मोडला आहे. दिलेला विसार दलालाने अद्याप परत केलेला नाही. त्यासाठी त्याचे हेलपाटे चालू आहेत. बांधी मात्र गहाण पडलेली नाही. तिच्यात धान लावला आहे, आणि तोही येथला चिन्नोर, ज्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता पुढे काय करावे, याचा विचार तो करीत आहे. आपल्यापैकी ज्यांना गिरणीचा, कणीच्या व्यापाराचा किंवा पानांच्या कामाचा अनुभव आहे, त्यांनी सभा संपल्यावर त्याच्याशी चार शब्द बोलावेत, अशी माझी विनंती आहे. माझ्या व्याख्यानापेक्षा त्याचा त्याला अधिक उपयोग होईल.